पडद्याआडचे मामा

माझ्या मामेसासऱ्यांइतका संशयी माणूस अख्ख्या इंग्लंडात दुसरा नव्हता, आणि असलाच तर त्याच्यावरही मामांचा संशय होताच. पोस्टमन, हवामान खातं, कौन्सिलची कचऱ्याची गाडी, सुपरमार्केटमधलं पुढच्या रांगेतलं दूध, चर्चमधले नवीन पाळकसाहेब, शेजारची मांजर यांपैकी कोणीही त्यांच्या तावडीतून सुटलं नव्हतं. टीव्हीवरच्या बाईने ऊन पडणार म्हणून सांगितलं की मामा छत्री शोधायला लागत. जगात त्यांचा पूर्ण भरवसा होता तो एका परमेश्वरावर, आणि तोही अधूनमधून नीट बजावून सांगावं लागणारा परमेश्वर.

मामा मूळचे नगरचे. तरुणपणी लंडनजवळच्या स्लाऊला आले आणि तिथल्या ट्रेडिंग इस्टेटमधल्या एका कारखान्यात तयार माल तपासायच्या कामाला लागले. जन्मभर प्रत्येक वस्तूत खोट शोधायचा पगार घेतला, तो गुण निवृत्तीनंतर कुठे जाणार? मामी वारल्यावर ते घरात एकटेच होते. माझ्या नवऱ्याला बेसिंगस्टोकच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम मिळालं, तेव्हा मामांनी आम्हाला वरची खोली दिली. नवरा आधी गेला, मी दोन महिन्यांनी. ज्या दिवशी मी उतरले त्या दिवशी त्याला रजा मिळेना, म्हणून विमानतळावर मामा आले. आम्ही एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं. सगळे लोक नावाच्या पाट्या धरून उभे होते, मामांच्या हातात मात्र पाटी नव्हती. “पाटी धरली की कोणीही येऊन म्हणेल, मीच सूनबाई,” हे त्यांनी मला नंतर समजावलं. ते एका खांबाआडून माझ्यावर नजर ठेवून होते. मी रडकुंडीला आल्यावर ते पुढे झाले आणि विचारलं, “तुझ्या सासूबाई चहात काय घालतात?”

“गवती चहा,” मी म्हणाले.

“आणि?”

“आणि साखर फार.”

“चल,” ते म्हणाले आणि माझी बॅग उचलून चालू लागले.

नवऱ्याने हौसेने त्यांच्या गाडीत रस्ता सांगणारा सॅटनॅव बसवून दिला होता. मामांना तो घरात घुसलेल्या परक्या बाईसारखा वाटे. “ही कोण मला सांगणार? हिला स्लाऊ काय माहीत?” म्हणून ती डावीकडे म्हणाली की मामा मुद्दाम उजवीकडे वळत. मग ती निमूटपणे नवा रस्ता सांगू लागली की ते विजयी मुद्रेने माझ्याकडे बघत. “बघितलंस? लगेच शब्द फिरवला!” चर्चमध्ये ते पहिल्या बाकावर पवित्र शास्त्र मांडीवर उघडून बसत आणि पाळकसाहेबांनी सांगितलेलं प्रत्येक वचन जागच्या जागी पडताळून बघत. एकदा साहेबांच्या तोंडून अध्यायाचा आकडा चुकला आणि मामा खोकले. तेव्हापासून तो बिचारा इंग्रज माणूस वचन सांगितलं की आधी मामांकडे बघायचा आणि मगच पुढे जायचा. महिन्यातून एका शनिवारी मामांच्या फ्रंट रूममध्ये मराठी प्रार्थनासभा असे. ईलिंगपासून लोक येत. ते गेले की मामा कप विसळता विसळता प्रत्येकाचा निकाल लावत. “तो चष्मेवाला फार मोठ्याने आमेन म्हणतो. काहीतरी लपवतोय.”

त्यांच्या स्वतःच्या प्रार्थना ऐकण्यासारख्या असत. “प्रभो, या अन्नावर आशीर्वाद दे, आणि चिकन आत कच्चं राहिलं असेल तर तेवढं बघ.” झोपण्याआधीची तर पहारेकऱ्याला द्यावी तशी सूचनाच. “दार मी लावलंय, तरी तूही एकदा बघून घे. मागची खिडकी विशेष.” दाराला कडी, साखळी आणि दोन कुलपं होती. मी एकदा धीर करून म्हणाले, “मामा, देवावर एवढा भरवसा आहे, मग ही कुलपं कशाला?” ते माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत म्हणाले, “भरवसा त्याच्यावर आहे. कुलपं बाकीच्यांसाठी आहेत.”

त्या सुमारास शेजारच्या घरात मारेक नावाचा पोलिश माणूस राहायला आला. एकटाच होता, धिप्पाड, बांधकामावर जायचा, इंग्रजी जेमतेम. मामांना तर पर्वणीच मिळाली. रोज सकाळी तो कामाला निघाला की मामा फ्रंट रूमचा पडदा बोटभर सरकवून त्याला नजरेआड होईपर्यंत बघत. तो सुट्टीच्या दिवशी ड्रिल घेऊन भिंतीवर काहीतरी करी, तेव्हा मामा अलीकडच्या भिंतीला कान लावून उभे. “शेल्फ लावायला इतकी भोकं लागतात? हा आपल्याकडे येतोय.” त्याने नाताळात दारात केकचा डबा आणून ठेवला, तो मामांनी दोन दिवस बाहेर गॅरेजमध्ये ठेवला. का, ते त्यांनी सांगितलं नाही. केक चांगला होता.

एके सकाळी नवरा ट्रेनने बेसिंगस्टोकला आणि मी नर्सरीतल्या माझ्या कामाला गेल्यावर मामा स्वयंपाकघरात पाय घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. उठता येईना, फोन हॉलमध्ये, दार आतून पक्कं बंद. हाका मारून मारून घसा बसला. थंड फरशीवर ते किती वेळ पडले होते, कोण जाणे. मग मागच्या खिडकीची काच फुटली आणि एक भलामोठा हात आत येऊन कडी चाचपू लागला. मामांनी होता नव्हता तेवढा जोर लावून आरोळी ठोकली, “थीफ!” नंतर ते मला सांगत, “मला वाटलं, इतकी वर्षं ज्याची वाट बघितली तो अखेर आला.”

तो मारेक होता. त्याने अंगातला कोट काढून मामांवर घातला, ॲम्ब्युलन्सला फोन केला आणि ती येईपर्यंत त्यांचा हात धरून फरशीवर बसून राहिला. मी धापा टाकत हॉस्पिटलमध्ये पोचले तेव्हा तो बाहेर बाकावर बसला होता. त्याच्या मनगटाला बँडेज होतं. तुला कळलं कसं, असं मी विचारलं.

“एव्हरी मॉर्निंग, कर्टन मूव्ह,” त्याने दोन बोटांनी पडदा सरकवून दाखवला. “आय वेव्ह. टुडे, नो मूव्ह. आय गो टू बस स्टॉप, आय थिंक, नो, नॉट गुड. आय कम बॅक.”

मी आत जाऊन मामांना हे सांगितलं.

“म्हणजे त्याला माहीत होतं?”

“हो मामा.”

“रोज?”

“रोज हात करायचा म्हणे.”

“मला वाटायचं तो कोणाला तरी खूण करतोय,” मामा म्हणाले. मग डोळे मिटून हळूच पुटपुटले, “इतकी वर्षं प्रभूला सांगतोय, घरावर नजर ठेव. ठेवली त्याने. पण माणूस नेमताना मला एकदा विचारायला काय झालं होतं?”

घरी आल्यावर त्यांचा पलंग खाली फ्रंट रूममध्ये आला. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला घराची जास्तीची किल्ली मारेककडे द्यायला पाठवलं. “आणि सांग, डुप्लिकेट काढायची नाही,” असंही बजावलं. मारेक प्रार्थनासभेलाही येऊ लागला. मराठीचं अक्षर कळत नसताना कोपऱ्यातल्या खुर्चीत हात जोडून बसायचा आणि भलत्याच ठिकाणी जोरात आमेन म्हणायचा. त्याच्या आमेनबद्दल मामा कधी काही बोलले नाहीत.

पुढच्या वर्षी मला दिवस गेले. त्याआधी दोनदा गेले होते आणि दोन्ही वेळा मूल राहिलं नव्हतं. हे मामांना माहीत होतं, पण आम्ही त्यावर कधी बोललो नव्हतो. स्कॅनच्या आदल्या दुपारी मी स्वयंपाकघरात मटार सोलत होते. मामा काठी टेकत आले आणि समोर बसून तेही सोलायला लागले. सभेत सगळे माझ्यासाठी प्रार्थना करत होते, भरवसा ठेव म्हणत होते. मला मात्र प्रार्थनेला बसलं की भीतीच वाटायची. न राहवून मी विचारलं, “मामा, तुम्हाला देवाचा कधी संशय नाही आला?”

मला वाटलं, रागावतील. त्यांनी हातातली शेंग सोलून संपवली.

“रोज येतो गं,” ते म्हणाले. “तुझ्या मामीला खोकला झाला तेव्हा सगळे म्हणाले, काही नाही, बरं होईल. मी विश्वास ठेवला. डॉक्टरांवर ठेवला, लोकांवर ठेवला, सगळ्यांवर. ती गेल्यावर कोणावरच ठेवायची हिंमत राहिली नाही. त्याच्यावरसुद्धा नाही.”

“मग एवढ्या प्रार्थना कशा करता?”

“भांडायला जातो,” मामा म्हणाले. “तू असं का केलंस, म्हणून रोज विचारतो. दुसऱ्या कोणाला विचारणार?”

“उत्तर देतो?”

“अजून तरी नाही. पण ऐकून घेतो. मधेच उठून जात नाही.” त्यांनी सोललेले दाणे माझ्या भांड्यात ओतले. “तुला भीती वाटते ना, मग भीतीच सांग त्याला. चांगलं चांगलं बोलायला पाहिजे असं काही नाही.”

दुसऱ्या दिवशी स्कॅनला ते माझ्याबरोबर आले. बाहेर बसून राहिले. मुलगी झाली, ती चार दिवसांची असताना त्यांनी तिला मांडीवर घेतलं आणि नुसते तिच्या बोटांकडे बघत बसले.

मुलगी चालायला लागली त्या सुमारास आम्ही पुण्याला परत आलो. मामांना सोडून जाणं जिवावर आलं होतं. पुढच्या हिवाळ्यात मारेकचा फोन आला. आधी मला काही कळेना, कारण तो रडत होता. मामा झोपेतच गेले होते. मी फोन ठेवला, मुलीला नवऱ्याकडे दिलं आणि आतल्या खोलीत जाऊन बसले. प्रार्थना म्हणून जे तोंडाला आलं त्यात तक्रारीच जास्त होत्या. निदान मला एकदा भेटू द्यायचं होतंस, असंही म्हणाले. सगळं बोलून संपल्यावर तशीच बसून राहिले. बाहेर मुलगी मला शोधत होती. खोलीत मी एकटी आहे, असं मात्र मला वाटलं नाही.