तिकडे जीव आहे का?

पृथ्वीबाहेर अजून एकही जीव सापडलेला नाही. पण त्याच्या शोधावर युनिव्हर्सिटीत कोर्स काढून बघा, किस्से रोज सापडतात! स्टाफरूममध्ये चहा येईपर्यंत माझ्याकडे एखादा नवा असतोच.

मी मायक्रोबायॉलॉजी शिकवते. हा ऐच्छिक कोर्स मी मागितला, तेव्हा आमचे विभागप्रमुख दातार सर चष्मा काढून म्हणाले, "मॅडम, तिकडे जीव आहे का?"

"माहीत नाही, सर."

"मग आपण शिकवणार काय?"

"माहीत नसताना शोधायचं कसं, ते!"

"ठीक आहे. काढा. पुढचं पुढे बघू."

पुण्यात 'बघू' म्हणजे काय, हे मला माहीत होतं. तरी काढला.

*

ऑक्सिजनशिवाय जगणारे जंतू दाखवायचे म्हणून मुलांना घेऊन मुठेच्या काठी चिखल गोळा करायला गेले. फिरायला आलेले एक आजोबा थांबले.

"काय शोधताय?"

"जीव," आमची मृण्मयी म्हणाली.

आजोबांनी नदीकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "इथे? मंगळावर जास्त चान्स आहे!"

मृण्मयीला ते लागलं. तिने तो चिखल बाटलीत भरून लॅबच्या खिडकीत ठेवला. काही आठवड्यांनी आत हिरवे-जांभळे थर चढले. जिवंत! तिने बाटलीवर लेबल लावलं: 'आजोबा, सापडले.'

*

ही मृण्मयी कसबा पेठेतली. वडिलांचं भांड्यांचं दुकान. तिला स्थळ आलं, मुलगा खराडीला आयटीत. वडिलांनी आधीच बजावलं होतं, "नुसतं एम.एस्सी. सांग. ते मंगळ वगैरे नको. उगाच पत्रिकेतला वाटायचा!"

हिने पोहे ठेवता ठेवता सगळं सांगितलं.

मुलाची आई म्हणाली, "अगं, पण याचा घरात उपयोग काय?"

"काहीच नाही. हे खराडीत जे करतात, त्याचा होतो का?"

मुलगाच हसत म्हणाला, "नाही हो. मी काय करतो, ते तर आईला अजून कळलेलंच नाही!"

लग्न जमलं नाही. पण पाहुणे गेल्यावर वडील म्हणाले, "बरं बोललीस. आता तो मंगळ मलाही सांग."

*

एकदा एक पाहुणे व्याख्याते आले. परग्रहांवरचं सगळं आपल्या पूर्वजांना ठाऊक होतं, असं तासभर सांगत राहिले. शेवटच्या बाकावरून येरवड्याचा सिद्धार्थ उठला.

"सर, पुरावा?"

"त्याला श्रद्धा लागते, बाळा."

"सर, आजोबांनी धम्म स्वीकारला, तेव्हापासून आमच्या घरी आधी पुरावाच मागतात. मी घरचं वळण कसं मोडू?"

पाहुणे चहाला थांबले नाहीत. दातार सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, मुलांना आवरा."

"सर, प्रश्न विचारायलाच शिकवते मी."

*

यंदा मुलं कमी आली. टर्मच्या मध्येच दातार सरांनी कोर्स बंद केला आणि आमची खोली प्लेसमेंट ट्रेनिंगला दिली. क्रेडिट मिळणार नाहीत, वेळ वाया घालवू नका, असं मी मुलांना सांगितलं. घरी जाऊन रडलेही.

दुसऱ्या दिवशी तासाच्या वेळेला सिद्धार्थचा फोन. "मॅडम, कुठे आहात? आम्ही जिन्यात बसलोय."

सगळे होते! पायऱ्यांवर दाटीवाटीने बसलेले. मी उभी राहिले आणि शिकवायला लागले. गुरूचा एक चंद्र आहे, वरून जाड बर्फ आणि खाली समुद्र असावा, असा.

तेवढ्यात वरून दातार सर उतरले. जायला वाट नाही!

"हा काय प्रकार आहे? कोर्स बंद झालाय!"

"हो सर, माहितीये," मृण्मयी म्हणाली. कुणीही उठलं नाही.

मीही थांबले नाही. बर्फ, समुद्र, तळाशी कदाचित गरम पाण्याचे झरे. सर कठड्याला धरून उभेच. मग त्यांनी चष्मा काढला.

"मॅडम, पण तिथे ऊन पोचत नाही. मग ते जगणार कशावर?"

सिद्धार्थने वर पाहिलं आणि म्हणाला, "जरा सरका रे. सरांना बसू द्या."