ताटलीतले स्क्रू
गिअर ऑइलचा वास आला की आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम आठवतं. द्वारका चौकाजवळच्या आमच्या सायकल दुकानात डोंगरात चालवायची एक सायकल आली होती. मागच्या चाकाला गिअरच नाहीत, सगळे पायडलपाशी, फ्रेमच्या पोटात, बंद डब्यात. "अहो, हिचं तर पोटच फाडावं लागणार," बायको हसली. तेल बदलायला मी डबा उघडला. स्क्रू लहानमोठे, जागा चुकली तर डबा गळणार. मी एकेक काढून देत गेलो, ती नेहमीसारखी ताटलीत ओळीनं मांडत गेली. "आता हात लावू नका, तुम्ही घोळ घालता." जुनं तेल सकाळपर्यंत निथळू द्यायचं ठरलं. पहाटे ती झोपेतच गेली. दुपारी अमरधाम स्मशानात नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी घरात माणसं बसलेली होती, तरी मी जाऊन दुकान उघडलं. ताटली तशीच होती. तिच्या ओळीनं एकेक स्क्रू उचलला, बसवला. शेवटचा उचलायला वेळ लागला. मग नवं तेल भरलं. थेंबही गळला नाही. रिकामी ताटली पुसली आणि तिच्या स्टुलावर ठेवली. अजून तिथंच आहे.