चित्रातला कोरा कोपरा

माझी मावशी झाडाफुलांची चित्रं काढायची. भिंतीवर टांगायची नव्हेत. अभ्यासाच्या पुस्तकांत छापतात ती. पान, कळी, फूल, फळ, बी, सगळं एकाच कागदावर आणि मापात. समोर नाही ते काढायचं नाही, हा तिचा हट्ट. त्यामुळे गॅलरीतल्या जांभळ्या वेलाचं चित्र कितीतरी वर्षं अडून बसलं होतं. वेल फुलायचा भरभरून, पण फळ म्हणून धरायचा नाही. कागदाचा उजवा कोपरा कोराच.

त्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "बारीक काम फार तर आणखी वर्षभर." मग मावशी हात धुऊन वेलाच्या मागे लागली. खत झालं, कुंडी बदलून झाली. काका, म्हणजे तिचे यजमान, तर वेलाला तळहातावरच्या फोडासारखं जपत. ते शिंपी. लोंबता दोरा दिसला की कात्री चाललीच. घरी आलेल्या पाहुण्याच्या बाहीलाही सोडायचे नाहीत.

एका दुपारी मावशीला गॅलरीतल्या कचकच आवाजाने जाग आली. मी तिच्यामागून गेले. काका वेलावरची सुकलेली फुलं मन लावून कापत होते.

"अहो, हे काय चाललंय?"

"वाळलेली काढतोय. तुला चित्राला टवटवीत नकोत का?"

"कधीपासून कापताय?"

"पहिल्यापासून!" काका खुशीत होते.

मावशीने खाली पडलेलं एक वाळकं फूल उचललं. "अहो, ह्याच्याच बुडाशी फळ धरतं!"

मला आधी हसू फुटलं, पण काकांकडे बघवेना. मावशीने अबोला धरला. काकांनी कात्री नेऊन दुकानात ठेवली.

हंगाम सरता सरता एका फुलामागे फळ धरलं, बोराएवढं. तोवर मावशीला भिंगातूनही पुसट दिसू लागलं होतं. काका शेजारी बसून टेपने त्याचा घेर सांगायचे, ब्लाउजचं माप घेतल्याच्या थाटात. रेघ जरा कापरी आली आहे. कोणी काही म्हणो, मला ते तिचं सगळ्यात चांगलं चित्र वाटतं.

फळाच्या टोकाला वाळकं फूल अजून लोंबत होतं. मावशीने कागदाला नाक लावून तेही काढलं. मग ब्रश धुतला आणि म्हणाली, "कात्री आणा. आता ते फूल कापा खुशाल."

काकांनी कात्री आणली, फळाजवळ नेली, आणि त्यांच्याच्याने कापवेना.