हक्काचं शिकायला दिल्लीला

भंडाऱ्याजवळच्या वरठीच्या स्टेशनवर बाबांनी माझी पत्र्याची पेटी डोक्यावरून उतरवली, तेव्हा गावातले एक मोठे शेतकरी तिथेच गाडीची वाट पाहत उभे होते. आम्ही त्यांना मालक म्हणायचो, कारण बाबा वर्षानुवर्षं त्यांच्याच धानाच्या खाचरांत, बांध्यांमध्ये राबत होते.

"कोठं निघाले बापलेक?" त्यांनी विचारलं.

"पोरगी दिल्लीले चालली जी. वकिली झाली, आता त्याच्या पुढचं. हक्काचं शिकाले."

"कोनत्या हक्काचं?"

"मानसाच्या."

मालक हसले. "ते शिकाले दिल्लीले कायले जा लागते?"

"इथं कोनी शिकवत नाई जी, म्हणून," बाबा म्हणाले आणि पेटीवर बसले. मालकांसमोर बाबांना बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

ऐंशीच्या दशकाची ती सुरुवात होती. आमच्या मोहल्ल्यानं छप्पन साली बौद्ध धम्म स्वीकारला होता. शाळेत मी बसायचे पहिल्या बाकावर, पण गावच्या तलावाच्या पायऱ्यांवर पाय ठेवायची सोय नव्हती. आमच्या बायकांनी पाणी भरायचं ते पलीकडून, गुरं उतरतात तिथून. पाटी नव्हती, लेखी नियम नव्हता. सगळ्यांना ठाऊक होतं, एवढंच.

दिल्लीत एलएलएमच्या वर्गात मानवी हक्क हा नवा विषय होता. हॉस्टेलच्या मेसमध्ये राजमा खात, मोडक्या हिंदीत भांडत मी आंतरराष्ट्रीय करार वाचले. भाताची इतकी आठवण यायची की रविवारी मी दोनदा वाढून घ्यायचे आणि मुली माझ्या ताटाकडे बघायच्या. बघू दे म्हणायचे. प्रबंधाचा विषय द्यायची वेळ आली तेव्हा मी लिहिलं: आमच्या गावचा तलाव.

मार्गदर्शक सरांनी चष्मा काढला. "हे पोलिसांचं काम आहे, नाहीतर समाजशास्त्राचं. तू करारांवर लिही."

"करारांवरच लिहितेय सर. त्यात 'प्रत्येक माणूस' असं म्हटलंय. माझी माय सुभद्रा त्यात येते की नाही, तेवढं तपासायचंय."

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "जाऊन ये."

मी भाताच्या रोवणीच्या दिवसांत गावी पोचले. पऱ्हे, म्हणजे लावायची रोपं, तयार होते, बांध्या चिखलून ठेवल्या होत्या. मी मोहल्ल्यातल्या बायकांशी बोलायला बसले. ही गोष्ट मालकांच्या कानावर गेली आणि तिसऱ्याच दिवशी त्यांनी बाबांना निरोप धाडला: पोरीले आवर, नाहीतर यंदा तुमच्या मोहल्ल्यातली एकही बाई रोवणीले बोलावणार नाही, बाहेरगावच्या आणीन.

मी घाबरले. रोवणीच्या कामावरच आमच्या घरांचा पावसाळा निघायचा. मी मायला म्हटलं, "मी विषय बदलते. करारांवरच लिहिते."

माय तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "काहून? तुया विषय असन, माया त जलम होये."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मडकं उचललं आणि गुरांच्या वाटेनं न जाता सरळ पायऱ्यांकडे चालू लागली. तिच्यामागे चुलती, मग शेजारच्या बायका, आणि मी. घाटावर चारपाच माणसं उभी होती. मालकांच्या पुतण्यानं काठी मारली आणि मायचं मडकं तिच्या कमरेवरच फुटलं. खापर लागून पोटऱ्यांवरून रक्त आलं. माय थांबली नाही. पाण्यात उतरली, ओंजळ भरली आणि प्यायली. मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "आता हात फोड."

त्यानं काठी खाली केली. आम्ही एकेक करून पाणी भरलं. मीही शेवटच्या पायरीपर्यंत उतरले.

मालकांनी खरंच बाहेरगावी माणूस पाठवला. पण त्या गावच्या बायका आमच्याच सोयऱ्या. त्यांनी सांगितलं, "आमी नाई येत जी." पऱ्हे वाढून पिवळे पडायला लागले. शेवटी मालक स्वतः आमच्या मोहल्ल्यात आले, पायी, आणि चावडीसमोर उभे राहिले.

"चला बाया हो. रोवणा राहून गेला."

"अन् घाट?" मायनं विचारलं.

"तलाव सरकारचा होये. मी कोन नाई म्हणनारा?"

"मंग इतके वर्सं कोन म्हणत होता जी?"

मालक आले तसे पायी परत गेले. बायका रोवणीला गेल्या. बाबांना मात्र मालकांनी पुन्हा कधी कामावर घेतलं नाही. ते भंडाऱ्याला हमाली करायला जाऊ लागले. त्यांची पाठ गेली ती तिथेच. हा हिशोब मी कुठल्याच प्रबंधात लिहू शकले नाही.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "तुम्ही यात तटस्थ नाही."

"नाही सर."

"मग याला संशोधन कसं म्हणायचं?"

"घाटावर तटस्थ कोणीच नव्हतं सर. मी कोणाच्या बाजूला उभी होते, ते मी लपवलं नाही."

त्यांनी मला सेकंड क्लास दिला. मी तो घेतला आणि त्याच विषयाची मास्तरीण झाले.

जे गावात राहिले ते मला म्हणतात, तू दिल्लीची झालीस. माझ्यासारखे जे बाहेर पडले, त्यांतले काहीजण आडनाव बदलून मोकळे झाले आणि मलाही तोच सल्ला देतात. दोघांनाही माझं उत्तर एकच आहे: मी गाव सोडलेलं नाही, आणि गावाला मला सोडूही देणार नाही. आता माय नाही, बाबा नाहीत, आमच्या घराच्या जागी माझ्या भाच्याचं सिमेंटचं घर आहे. तरी दरवर्षी जाते. मोहल्ल्याला जायला मागची वाट जवळची पडते. मी ती घेत नाही. भर गावातून, मधल्या रस्त्यानं, पायात चपला घालून सावकाश चालत जाते.

परवा ओट्यावरच्या एका म्हाताऱ्यानं डोळ्यांवर हात धरून विचारलं, "कोनाची वो तू?"

"सुभद्राची," मी म्हटलं. त्याला ऐकू आलं नसावं, म्हणून पुन्हा म्हटलं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं.