परत देण्याच्या बोलीवर आलेली स्कूटर

नव्या वस्तूवरचं प्लास्टिक काढायचं नाही, हा आमच्या घरात बाबांचा कायदा. फ्रिजच्या दारावरची फिल्म कडांनी सुटून पिवळी पडली तरी ती तिथेच. रिमोट पिशवीत, सोफा प्लास्टिकमध्ये. मे महिन्यात त्या सोफ्यावरून उठलं की पाठीची साल निघायची बाकी राहायची. "कव्हर असलं की वस्तू परत देता येते," असं बाबा म्हणत. आजवर आमच्या घरातून एक चमचाही परत गेलेला नाही. पण सगळ्या वस्तू आत्ता निघणार असल्यासारख्या बसलेल्या, आणि आम्हीही त्यांच्याशी पाहुण्यांशी वागावं तसं वागायचो. मला या प्रकाराचा भयंकर राग यायचा.

गेल्या वर्षी आईने स्कूटरचा हट्ट धरला. तिचं माहेर उरणच्या बाजूला, मिठागरांच्या गावात. आमच्या पनवेलहून काही फार लांब नाही, पण तिला जायचं तर आधी आम्हा सगळ्यांची सवड विचारायची, मग एसटी, मग रिक्षा, आणि पोचल्यापासून परतीच्या गाडीकडे डोळे. पन्नाशीतली बायको गाडी शिकणार, ही कल्पनाच बाबांना पटेना. शेवटी हो म्हणाले, पण एका अटीवर.

"सीटचं कव्हर काढायचं नाही. हात बसला नाही तर परत देऊन टाकू."

नंबर प्लेट लागलेली स्कूटर कोण परत घेतं? पण आईने ते खरं मानलं. ते प्लास्टिक होतं तोवर तिच्या लेखी स्कूटर तिची नव्हतीच.

सोसायटीमागच्या मैदानात आम्ही रोज सकाळी जायचो. ब्रेक लागला की मी त्या गुळगुळीत सीटवरून घसरत थेट तिच्या पाठीवर, आणि ती हँडलवर.

"अगं, धरून बस ना!"

"कशाला धरू? प्लास्टिकला?"

हसून हसून दोघींची पुरेवाट व्हायची. लायसन्स आलं त्या दिवशी मी घरभर नाचले. आईने मात्र नुसती सीट पुसली, तीसुद्धा प्लास्टिकवरून.

मग एका शनिवारी, बाबा ऑफिसला गेल्यावर, ती ओढणी घट्ट बांधत म्हणाली, "चल, मामाकडं जाऊ."

गव्हाण फाटा मागे पडला आणि बंदराकडे जाणारे कंटेनरचे ट्रेलर सुरू झाले. एकेक धूड शेजारून गेलं की आमची स्कूटर थरथरायची. मी आठवतील त्या सगळ्या देवांना हाका मारल्या. आई ताठ बसलेली, रस्त्याची डावी बाजू धरून, कुणाच्या हॉर्नला भीक न घालता ती चालवत राहिली. मला इतका अभिमान वाटला की मी ओरडलेच, "ही माझी आई आहे!" हेल्मेटमधून कुणाला ऐकू जाणार म्हणा.

मामा अंगणात चहा पीत होता. कप हातात तसाच धरून तो उठला.

"तूच चालवत आणलीस? नाय गं!"

आईने उत्तर न देता बाबांना फोन लावला, स्पीकरवर. "पोचलो आमी. स्कूटरवरनं."

पलीकडून बाबांनी विचारलं, "कव्हर नीट आहे ना?"

आईने सीटकडे पाहिलं. मोबाइल माझ्या हातात दिला, प्लास्टिकच्या कोपऱ्यात नख घातलं आणि जोर लावून ओढलं. असा काही चर्र आवाज झाला की अंगणातल्या कोंबड्या पळाल्या.

"ऐकलंत?" ती फोनकडे वाकून म्हणाली. "आता नाय परत द्यायची."

मामाने हातातला कप खाली ठेवला.

"बरं," बाबा म्हणाले. "मग संध्याकाळी मला स्टँडवरून घेशील का?"

आईचे डोळे भरून आले, पण आवाज खणखणीत.

"घेते. पोरगी आज हितंच राहील. तुमी मागं बसा."