उठून जाणारे काका

नाटकातून उठून जाणं पुण्याला नवं नाही, पण त्याचं रीतसर घराणं स्थापन केलं ते आमच्या चुलतसासऱ्यांनी. भूगोल शिकवून निवृत्त झालेले काका अश्लीलतेचे हाडवैरी. टीव्हीवर नायक-नायिका जरा जवळ आले की हे पाणी प्यायला उठतात. एका सिनेमात तांब्या रिकामा होतो. नाटकाला मात्र नेमाने जाणार आणि रांगेच्या टोकाचीच खुर्ची घेणार. पहिल्या शिवीला पाय चपलेत सरकतात, दुसरीला बारमाही छत्री हातात येते आणि तिसरीला काका उठतात. तेही गुपचूप नाही, नटाला "नमस्कार, येतो आम्ही!" असं सांगून. एका नटाने रंगमंचावरूनच "या हं, सावकाश!" म्हटलं, तेव्हा काकांना तो इतका आवडला की पुढे त्याच्या प्रत्येक नाटकाला ते गेले आणि प्रत्येकातून उठून आले.

असा माणूस बंदीच्या बाजूचा असणार, असं कोणालाही वाटेल. खराडीच्या आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनाही वाटलं. मोबाइलवरच्या घाणीवर सरकारने सरसकट बंदी घालावी, म्हणून त्यांनी सभा बोलावली आणि काकांना अध्यक्ष केलं. काका म्हणाले, "कोणाचा व्हिडिओ त्याला न विचारता पसरवला, लहान पोरांना त्यात ओढलं, तर खुशाल तुरुंगात टाका, कडी लावायला मी येतो. पण मोठ्या माणसांनी काय बघावं, हे आपण ठरवणार? अहो, लिफ्टमध्ये कुठला दिवा लावावा, हे अजून आपल्याला ठरवता आलेलं नाही." एवढं बोलून अध्यक्षच सभेतून उठून गेले.

घरी आल्यावर मी विचारलं, "पण काका, घाण ती घाणच ना?"

"मग पाय कशाला दिलेत देवाने?" ते म्हणाले.

पुढे माझ्या मुलीने, सईने, एकपात्री नाटक लिहिलं आणि ती स्वतःच ते करू लागली. एका मुलीचा खाजगी व्हिडिओ गावभर फिरतो आणि लोकांनी तिला घातलेल्या शिव्या ती एकेक करून स्वतःच्या तोंडाने म्हणते. सेन्सॉरचं प्रमाणपत्र हातात होतं. तरी दुसऱ्याच प्रयोगाला दारात घोळका जमला. "अश्लील नाटक बंद करा!" थिएटरचे मॅनेजर मला बाहेर बोलावून म्हणाले, "मॅडम, पडदा पाडतो, उगाच राडा नको." आत पोर एकटी उभी, आणि आज पडदा पडला तर ते नाटक पुन्हा कोण लावू देणार होतं?

नेमके तेवढ्यात काका छत्री घेऊन बाहेर आले. तिसरी शिवी झाली होती! असा संताप आला म्हणून सांगू. मेलं, आजच पाळायचं होतं का हे व्रत?

घोळक्याचा पुढारी खूश. "बघा, आजोबासुद्धा उठून आले! सांगा आजोबा, कसंय नाटक?"

"घाणेरडं आहे. ऐकवत नाही."

घोषणा दुप्पट झाल्या. काकांनी दाराला पाठ लावली, छत्री आडवी धरली आणि वर्गात काढायचे तसा आवाज काढला. "म्हणून मी बाहेर आलो. तुम्ही आत तरी गेलात का? अहो, उठून जायला आधी बसावं लागतं! तिकीट काढा, बसा, नाही सोसलं तर या माझ्याशेजारी. तोवर हे दार मी सोडणार नाही."

चार-पाच जण इरेला पेटून तिकीट काढून आत गेले. त्यातला एकही बाहेर आला नाही. बाकीचे ओरडून ओरडून चहाला पांगले. टाळ्या ऐकू येईपर्यंत काका छत्री धरून तसेच उभे होते.

सईने येऊन त्यांना मिठी मारली. "आजोबा, थांबला असतात तर शेवट कळला असता."

"दारातून ऐकला. वाईट लिहितेस. रडू आलं मला," काका म्हणाले आणि पाणी प्यायला गेले.

आता काकांचे गुडघे गेलेत. नाटकाला मी नेते, खुर्ची अजून टोकाचीच. तिसऱ्या शिवीला ते माझा हात दाबतात. "मला नाही गं उठवत. सूनबाई, तू जा माझ्याऐवजी." मग मीच "नमस्कार, येतो आम्ही" म्हणते आणि बाहेर येऊन दाराशी उभी राहते. आतून हशा येतो आणि त्यात काकांचं खोकत खोकत हसणं स्पष्ट कळतं. मी दार जरासं उघडं ठेवते आणि ऐकत राहते. नाटक काय, पुन्हाही बघता येईल.