भूकंपाचा मार

वडलांच्या किडन्या भूकंपानं नेल्या, असं आमच्या घरात ठरूनच गेलं होतं. त्या पहाटे माळवद कोसळलं आणि लाकूड त्यांच्या उजव्या कुशीवर पडलं. पुढं लघवीतून रक्त जायला लागलं, बीपी वाढलं, सहा वर्षांत माणूस गेला. भेटायला येईल त्याला आई सांगायची, "त्या पहाटेचा मार हाय." आमच्या भागात त्यानंतर कुणाचं काही दुखलं तरी ते भूकंपावरच जायचं. उलटा प्रश्न कुणी विचारला नाही. मीही नाही.

पुढं मी लातूरला क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायला लागलो. दर वर्षी दीडशे पोरांना फळ्यावर लिहून द्यायचो, आई-बापापैकी एकाला प्रभावी जनुकाचा रोग असला तर प्रत्येक लेकराला तो येण्याची शक्यता निम्मी. उदाहरण किडनीतल्या गाठींचंच द्यायचो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! चव्वेचाळिसाव्या वर्षी माझी कूस दुखायला लागली. नांदेडला सोनोग्राफी केली, तर दोन्ही किडन्या पाण्याच्या गाठींनी भरलेल्या.

"घरात कुणाला होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही. वडलांच्या दोन्ही किडन्या गेल्या, पण तो भूकंपाचा मार होता."

"कुठल्या बाजूला?"

"उजव्या."

"मग डावी कशानं गेली?"

भर दवाखान्यात स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

पोरगी तेव्हा सतराची. डॉक्टर व्हायचं म्हणून दिवसरात्र घोकून राहिली होती. दोन वर्षं म्हणत होती, पप्पा, डोकं दुखतं. मी काय केलं? चष्म्याचा नंबर बदलून आणला. आता बीपी मोजलं तर इतकं, की नर्सनं दुसऱ्या हाताला पट्टा बांधून पुन्हा पाहिलं. सोनोग्राफीत गाठी निघाल्याच. किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन मात्र चांगलं आलं, तर मी खुळ्यासारखा हसलो. डॉक्टर म्हणाले, "ते लई उशिरा वाढतं हो सर. तोवर बरीच किडनी गेलेली असते." मग त्यांनी तिचं रक्त हैदराबादला पाठवलं. त्यातली काही द्रव्यं मोजून किडन्या पुढं किती झपाट्यानं जातील याचा अंदाज येतो म्हणे. अंदाजच, पक्कं नव्हे.

तीन आठवडे वाट पाहिली. आई नातीच्या पाठीवरून हात फिरवून म्हणायची, "तुला कुठं मार लागलाय गं? तुला काई होत न्हाई." आईला समजावून सांगायची माझी हिंमत झाली नाही.

रिपोर्ट आला. झपाट्यानं जाणाऱ्यांतली. बीपीच्या गोळ्या आधीच सुरू व्हायला हव्या होत्या, एवढंच डॉक्टर बोलले. परतीच्या एसटीत पोरगी खिडकीबाहेर बघत बसली. रडली नाही. लोहा गाव मागं पडल्यावर तिनं विचारलं,

"पप्पा, मग मी लेकरं होऊ द्यायची का नाही?"

सतरा वर्षांची पोर. शेजारची बाई आमच्याकडं बघायला लागली. मी कंडक्टरला लातूर कधी येईल ते विचारलं.